इवल्याशा लहरीला बळ

टेलिफोनचा जनक म्हणून अलेक्झांडर ग्रॅहॅम बेलचे नाव शाळकरी पोरालाही ठाऊक असते. पण या माणसाच्या घरातल्या दोन स्त्रियांना ऐकण्याची अडचण होती, हे फारसे कुणाला माहीत नसते. आई एलायझा कानाने अधू, तर पत्नी मेबल पाच वर्षांची असतानाच स्कार्लेट फीव्हरच्या तापाने पूर्ण बहिरी झालेली. मार्च १८७६ मध्ये बेलचे शब्द तारेतून शेजारच्या खोलीत पोचले आणि जग बदलले. मेबलला मात्र त्या यंत्रातून पतीचा आवाज कधीच ऐकू आला नाही.

ज्यांचे कान थोडेफार शाबूत होते, त्यांचीही निराळी अडचण होती. बोलण्यामुळे तारेत उठणारी वीज फार क्षीण असते. ती एकाच दिशेने वाहत नाही. सेकंदाला शेकडो, हजारो वेळा मागेपुढे हेलकावते. ऐकणाऱ्याच्या कानापाशी बारीक तारेचे वेटोळे असते, त्यालाच कॉइल म्हणतात. त्यातून वीज गेली की ते लोहचुंबक बनते आणि समोरची लोखंडी पातळ चकती ओढते. गंमत अशी, की अशा चुंबकाला विजेची दिशा कळत नाही. वीज पुढे गेली तरी तो ओढणार, मागे आली तरी ओढणारच! मग चकती दुप्पट वेळा थरथरेल आणि बोलणे भलतेच ऐकू येईल. म्हणून कॉइलच्या जोडीला एक कायमचा चुंबक बसवतात. तो चकतीला आधीच ताणून धरतो. वीज एका बाजूला गेली की ताण वाढतो, दुसऱ्या बाजूला आली की सैलावतो. आता बोल जसाच्या तसा उमटतो.

पण त्यासाठी कॉइलमध्ये पुरेशी वीज तर हवी! ती आणायची कोठून? ली डी फॉरेस्टने १९०६ मध्ये बनवलेला ऑडिऑन नावाचा काचेचा व्हॉल्व्ह येथे कामी आला. तो सुधारून टेलिफोनच्या तारेवर वाटेत ठिकठिकाणी बसवला गेला, म्हणूनच २५ जानेवारी १९१५ रोजी न्यूयॉर्कमध्ये बसलेल्या बेलला हजारो किलोमीटर दूर सॅन फ्रान्सिस्कोत असलेल्या वॉटसनशी, आपल्या जुन्या मदतनिसाशी, बोलता आले.

वर्धक, म्हणजे अॅम्प्लिफायर, क्षीण लहर फुगवून मोठी करतो असे आपल्याला वाटते. तसे नसते. एकत्र कुटुंबातल्या सासूबाई आठवा. पंगतीत त्या जागच्या हलत नाहीत, नुसती एक नजर टाकतात आणि क्षणात भाताचे पातेले, वरणाचे भांडे, तुपाची वाटी पानांवरून फिरू लागते. नजरेत जोर काहीच नसतो, राबणारे हात दुसऱ्यांचे! अॅम्प्लिफायरमध्ये राबते ती बॅटरीची वीज. इवलीशी लहर फक्त इशारा करते. बॅटरीची वीज त्या इशाऱ्याबरहुकूम कमीजास्त होते आणि तीच कॉइल हलवते.

डिसेंबर १९४७ मध्ये बेलच्याच नावाच्या प्रयोगशाळेत ट्रान्झिस्टर जन्मला. पहिल्या प्रात्यक्षिकातही वरिष्ठांना ऐकवले गेले ते माणसाचे बोलणेच. पुढे ट्रान्झिस्टरचे परवाने विकताना श्रवणयंत्र बनवणाऱ्यांना मात्र शुल्क माफ करण्यात आले, बेलची आठवण म्हणून. व्यापारी जगात असा हिशेब विरळाच! १९५३ च्या सुमारास बाजारात आलेली ट्रान्झिस्टरची श्रवणयंत्रे ही या शोधाच्या अगदी पहिल्या घरगुती फळांपैकी एक.

तरीही घरोघरचे चित्र काय असते? मुलगा हौसेने यंत्र आणतो, आजोबा चार दिवस लावतात आणि पाचव्या दिवशी ते कपाटात जाते. "आजोबा हट्टी आहेत," असा निकाल लागतो. पण बिचारे यंत्र आले तेवढे सगळे वाढवते. सुनेचे बोलणे वाढते, तशी कुकरची शिट्टी आणि पंख्याची घरघरही. नवी डिजिटल यंत्रे बोलणे आणि गोंगाट यांत पुष्कळ निवड करतात, पण पूर्णपणे नाही. कानातला साचा सैल बसला तर मोठा झालेला आवाज बाहेर गळतो, पुन्हा मायक्रोफोनमध्ये शिरतो, पुन्हा वाढतो आणि यंत्र शिट्टी मारू लागते. नातवंडे हसतात. चारचौघांत झालेले हे हसे म्हातारा माणूस विसरत नाही.

शिवाय उतारवयात बहुधा स, श, त, क अशी बारीक अक्षरे आधी हरवतात. शब्द कानावर पडतो, पण कळत नाही. "ओरडू नकोस रे, नीट बोल," असे आजोबा म्हणतात ते रागाने नव्हे. येथे नुसता आवाज वाढवून भागत नाही. कान तपासून, कोणते सूर किती वाढवायचे ते ठरवून यंत्र बसवावे लागते आणि एकदा बसवले तरी दोन-तीनदा दुरुस्त करून घ्यावे लागते. मुंबईत वांद्र्याला अली यावर जंग यांच्या नावाची राष्ट्रीय संस्था या कामासाठीच आहे. मोठ्या सरकारी रुग्णालयांच्या कान-नाक-घसा विभागांतही कानाची तपासणी होते.

कित्येक श्रवणयंत्रांत आणखी एक चिमुकली कॉइल असते. ती उलटे काम करते. फोनच्या कॉइलभोवती हेलकावणारे चुंबकत्व ती पकडते, त्यामुळे खोलीतला गोंगाट बाजूला राहून फोनवरचा आवाज तेवढा कानात येतो. यंत्रावर हा 'टी'चा खटका असला तरी दुकानदार तो समजावून सांगतोच असे नाही, तेव्हा विचारून घ्यावे.

सेलचेही तसेच. श्रवणयंत्रात नेहमी वापरल्या जाणाऱ्या जस्ताच्या गोल सेलवर एक चिकटपट्टी असते. ती काढली की आत हवा शिरते आणि सेल जागा होतो. मिनिटभर थांबून तो बसवावा. पट्टी परत चिकटवून मात्र काही उपयोग होत नाही. यंत्र कपाटात पडून असले तरी सेल उतरतच राहतो.