दोष जुन्या फायलींचा

आमच्या ऑफिसात नवा स्विच आला, सगळ्या केबली बदलल्या, दोन मशिनांना एसएसडी बसल्या, वर अँटीव्हायरसचं नूतनीकरण झालं. बिघाड यातल्या कशातच नव्हता. पैसे गेले त्याचं मला फारसं काही नाही, साहेबांनी ते कुठल्यातरी खात्यात टाकले असतील. पण त्या दिवसांत ऑफिसातल्या काकांना जे ऐकून घ्यावं लागलं ते माझ्या मनातून जात नाही.

ऑफिस पुण्यातल्या एका वकिलांचं. काम मालमत्तेचं: खरेदीखत, बक्षीसपत्र, हक्कसोडपत्र, कुलमुखत्यारपत्र, भाडेकरार. अशा ऑफिसात कोऱ्या पानावर मसुदा कुणीच लिहीत नाही. मागच्या पक्षकाराची फाइल उघडायची, 'सेव्ह ॲज' करायचं आणि नावं बदलत सुटायचं. सातव्या पानावर जुन्या माणसाची चतुःसीमा तशीच राहून जाते आणि ती नेमकी सापडते दुय्यम निबंधकाकडे नंबर लागल्यावर. लिहून देणार, लिहून घेणार, दोन साक्षीदार, सगळे बाकावर बसलेले आणि आपण पेनड्राइव्ह घेऊन झेरॉक्सवाल्याकडे धावतोय. हे ज्यानं भोगलंय त्याला टेम्प्लेट म्हणजे काय ते समजावून सांगावं लागत नाही.

काका टाइपरायटरच्या जमान्यातले. श्रीलिपीतले सगळे नमुने त्यांनी युनिकोडमध्ये नव्यानं टाइप केले, कारण ज्या मशीनवर तो फाँट नसायचा तिथे अख्खं खरेदीखत इंग्रजी अक्षरांचा चिवडा होऊन उघडायचं. मग नावांच्या जागा मोकळ्या सोडून टेम्प्लेट केली आणि कोपऱ्यातल्या जुन्या पीसीवर एका फोल्डरात ठेवली. वर्डच्या ऑप्शन्समध्ये ॲडव्हान्स्ड, तिथे तळाशी 'फाइल लोकेशन्स', त्यात 'वर्कग्रुप टेम्प्लेट्स' अशी ओळ असते. तिथे त्या फोल्डरचा पत्ता द्यायचा. तो प्रत्येक मशीनवर, प्रत्येकाच्या लॉगिनला वेगळा द्यावा लागतो. काकांनी एकेकाच्या खुर्चीवर बसून तो दिला.

टेम्प्लेटवर डबल क्लिक केलं की वर्ड नवी फाइल काढून देतं, मूळ तशीच राहते. पण तीच टेम्प्लेट वर्डच्या आतून 'फाइल – ओपन'नं उघडली तर मूळच उघडते. आमच्या एका ज्युनियरनं नेमकं हेच केलं आणि बक्षीसपत्राच्या नमुन्यात एका बाईंचा आधार क्रमांक कायमचा बसवला. तेव्हापासून काकांनी फोल्डर सर्वांसाठी फक्त वाचण्यापुरता ठेवला, लिहिण्याचा हक्क एकट्याकडे. त्यावरून 'काकांची मक्तेदारी' अशी कुजबुज सुरू झाली. ती पुढे उपयोगी पडली, अर्थात काकांच्या विरुद्ध.

मग कोपऱ्यातला पीसी जुना झाला म्हणून नेटवर्कवाल्यानं त्याच्या जागी एक छोटी स्टोरेजची पेटी बसवली. नाव नवं. ड्राइव्हचं अक्षर मात्र त्यानं पूर्वीचंच, 'एस', ठेवलं. सगळ्यांच्या फायली जागच्या जागी दिसल्या, साहेब खूश. दुसऱ्या दिवसापासून वर्डची कुठलीही जुनी फाइल उघडायला इतका वेळ लागू लागला की क्लिक करून लोक चहा सांगायला जायचे. नव्या फायली झटकन उघडायच्या, एक्सेल झटकन, पीडीएफ झटकन. फक्त वर्डच्या जुन्या फायली.

नेटवर्कवाला म्हणाला, नेटवर्क स्लो आहे. स्विच बदलला, फरक नाही. केबली बदलल्या, फरक नाही. मग म्हणाला व्हायरस असेल, मग म्हणाला हार्ड डिस्क. शेवटी साहेबांच्या केबिनमध्ये, काका समोर उभे असताना म्हणाला, "सर, नव्या फायली बरोबर उघडतायत ना? म्हणजे प्रॉब्लेम जुन्या फायलींमध्ये आहे. या काकांच्या टेम्प्लेटच करप्ट आहेत." साहेब काकांकडे बघून म्हणाले, "तरी मी म्हणत होतो, हे सगळं एका माणसाच्या हातात नको."

काका काही बोलले नाहीत. पण स्विच बदलत असताना, म्हणजे नेटवर्क पूर्ण बंद असताना, त्यांनी पेनड्राइव्हवरची एक जुनी फाइल उघडून बघितली होती. ती क्षणात उघडली होती. "अहो, केबल काढली की उघडते," असं त्यांनी त्या नेटवर्कवाल्या पोराला तेव्हाच सांगितलं होतं. तो हसला होता. मीही तिथेच होते आणि मलाही ते म्हाताऱ्या माणसाचं काहीतरीच वाटलं होतं.

खरं निदान त्या एका वाक्यातच होतं. टेम्प्लेटवरून काढलेली फाइल आपलं मूळ विसरत नाही, त्या टेम्प्लेटचा पूर्ण पत्ता पोटात ठेवते, सर्व्हरच्या नावासकट. ड्राइव्हचं अक्षर तेच राहिलं तरी हा पत्ता बदलत नाही. फाइल उघडताना वर्ड त्या पत्त्यावर जाऊन दार वाजवतं. तिथे आता कुणी राहत नव्हतं, आणि उत्तर येत नाही असं ठरवायला नेटवर्कला वेळ लागतो. नेटवर्कच नसेल तर वर्ड वाट बघत बसत नाही.

खात्री करायला मी एका डॉकएक्स फाइलच्या प्रतीचं एक्स्टेन्शन बदलून झिप केलं आणि ती उघडली. आतल्या 'वर्ड' फोल्डरात 'रेल्स' म्हणून फोल्डर, त्यात सेटिंग्जची इवलीशी फाइल. ती नोटपॅडमध्ये टाकली तर जुन्या पीसीचं नाव ढळढळीत समोर. (हॅकर लोक याच जागेचा फायदा घेतात: पत्त्याच्या ठिकाणी स्वतःच्या सर्व्हरचं नाव टाकून फाइल मेलनं पाठवतात आणि वर्ड इमानेइतबारे तिथून टेम्प्लेट आणायला जातं. तेव्हा अनोळखी वर्ड फाइल आली तर जरा जपून.) उपाय बिनपैशाचा निघाला. प्रत्येक मशीनच्या होस्ट्स फायलीत एक ओळ टाकली, जुनं नाव म्हणजे ही नवी पेटी. झालं.

हे मी साहेबांना दाखवलं तेव्हा ते "अच्छा, अच्छा" म्हणाले. काकांना कुणी काही म्हटलं नाही. नेटवर्कवाला अजून आमच्याकडेच येतो, त्याचं वार्षिक कंत्राट आहे. बिल परत मागावं असं मी सुचवलं, तर साहेब म्हणाले, स्विच जुनाच होता, कधीतरी बदलायचाच होता.

काका निवृत्त झाल्यावर टेम्प्लेटांचं खातं माझ्याकडे आलं आणि मी त्यांच्याहून कडक झाले. ऑक्टोबर २०२४ मध्ये राज्यानं किमान मुद्रांक शुल्क ५०० रुपये केलं, तेव्हा आधी १०० किंवा २०० रुपयांत होणाऱ्या दस्तांच्या नमुन्यांत तो आकडा मी एका बैठकीत बदलला. तरी पुढे किती दिवस १०० रुपयांची प्रतिज्ञापत्रं छापून येत होती, कारण प्रत्येकानं डेस्कटॉपवर आपापली प्रत दडवून ठेवलेली. मी फर्मान काढलं: सगळ्या खासगी प्रती उडवा. माझं आजही मत आहे की नमुना एकाच जागी असावा, लिहिण्याचा हक्क एकाकडे असावा आणि त्यानं कुजबुज सोसावी.

पुढे एका दुपारी ती पेटीच बंद पडली. बाहेर पक्षकार बसलेले, संध्याकाळच्या आत हक्कसोडपत्र हवं होतं, आणि ज्यांनी माझं फर्मान पाळलं होतं ते सगळे हात बांधून बसले. एका ज्युनियरच्या डेस्कटॉपवर 'पर्सनल' नावाच्या फोल्डरात काकांचा अख्खा संच होता. दस्त त्यातूनच निघाला. मुद्रांकाचा आकडा तेवढा मी हातानं दुरुस्त केला, आणि तो फोल्डर उडवायला तिला अजून सांगितलेलं नाही.