दहा दिवसांचं आजोळ

नाताळची सुट्टी जवळ आली की मोठ्या शहरातल्या आईबापांना घाम फुटतो. दहा दिवस मुलांना घरात ठेवायचं तरी कसं? बंगळुरूच्या इंदिरानगरमधल्या त्या फ्लॅटमध्येही डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात फ्रिजवर एक कागद चिकटला होता. दहा दिवस, दहा ठिकाणं. चौथीतल्या मुलीने त्याच्या कडेने स्केचपेनने तारे काढले होते.

एरवी सुट्टी म्हणजे आजोळ. पण महाराष्ट्रात शाळांना मोठी सुट्टी दिवाळीची, तर कर्नाटकात दसऱ्याची. मिरजेत आजीच्या अंगणात पोरं किल्ला बांधायला जमतात, तोवर बंगळुरूची मुलं दोन-तीन दिवसांची दिवाळी उरकून पुन्हा दप्तर भरत असतात. त्यामुळे शाळा सुरू झाल्यापासून या मुलीने आजोळचा किल्ला फोनवरच्या फोटोतच पाहिलेला.

म्हणून या खेपेला आजीच आल्या, राणी चन्नम्मा एक्सप्रेसने, एका पिशवीत भडंग आणि दुसरीत स्वेटर घेऊन. येण्याला आणखीही एक कारण होतं. आजोबांना जाऊन दोन वर्षं झाली होती. मिरजेच्या घराला गिऱ्हाईक आलं होतं आणि त्याला संक्रांतीपर्यंत उत्तर हवं होतं. लेक एकुलती एक. "आई, आता इकडेच ये," असं ती म्हणत होती, जावईही म्हणत होते. आजी हो म्हणत नव्हत्या आणि नाहीही म्हणत नव्हत्या. लेकीच्या घरी चार दिवस राहावं, पाचव्या दिवशी पिशवी उचलावी, हे ऐकतच त्या वाढल्या होत्या. पण हे कारण त्या सांगत नसत. "तिथं मला भाजीवाल्याशी बोलायची तरी सोय आहे का?" एवढंच म्हणत. लेकीला वाटे, शहर असं दाखवावं की आईला ते आवडूनच जावं. तो कागद खरं तर मुलीसाठी नव्हता.

पहिला दिवस एका मोठ्या मॉलचा. छताला टेकलेलं नाताळचं झाड, खेळांच्या कूपनांना दीड हजार, जेवणाला जवळपास तेवढेच आणि परतताना सव्वा तास रस्त्यात. मुलगी गाडीतच झोपली. आजी काही बोलल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी केकचं प्रदर्शन. सत्तरच्या दशकापासून बंगळुरूने जपलेली ही हौस. साखरेचे आणि केकचे माणसाहून उंच महाल, चर्च, प्राणी! आजींनी दोन फेऱ्या मारल्या आणि विचारलं, "एवढं साखरेचं करतात, मग हलव्याचे दागिने का नाही कुणी करत?"

तिसऱ्या दिवशी कागद फसला. लेकीची रजा रद्द झाली, जावई आधीच ऑफिसात. घरात उरल्या आजी आणि नात. अकराच्या सुमारास दोघी फुलं आणायला सीएमएच रोडवर गेल्या. वरून मेट्रो जाते, खाली टोपलीत शेवंती घेऊन बाई बसलेली. आजींनी सरळ विचारलं, "एष्ट री?" बाई हसली. "हुब्बळ्ळी कडेयवरा?" तुम्ही हुबळीकडच्या का, असं ती विचारत होती, कारण बोलण्यात असा 'री' लावायची पद्धत उत्तर कर्नाटकातली. मिरजेच्या बाजारात कागवाड-अथणीची माणसं येतात. त्यांच्याशी चाळीस वर्षं घासाघीस करून आजींचं कन्नड पक्कं झालेलं. लेक मात्र नऊ वर्षं इथे राहून हिंदी-इंग्रजीवरच भागवते. तिच्या ओळखीची अशी अनेक मराठी घरं आहेत. शहराची भाषा शिकायची राहून गेली, याची खंत कुणालाच वाटत नाही, हे जरा नवलच!

"आजी, तुला कन्नड येतं?" नातीचे डोळे विस्फारले. शाळेत कन्नडच्या तासाला तिची रोजची धडपड. दुपारभर दोघी वही घेऊन बसल्या. संध्याकाळी लेक घरी आली ती साडेनऊला, आणि ओट्याशी उभ्या उभ्याच जेवली.

शनिवारी मात्र लेकीला सुट्टी होती. कागदावर वॉटरपार्क होता. आजींच्या हाताशी कुरिअरचं पाकीट होतं. "तुमच्या पत्त्यात हे एचएएल सेकंड स्टेज लिहितात, ते काय?" जावयांनी सांगितलं, "हिंदुस्थान एरोनॉटिक्स. विमानांचा कारखाना, इथून चार-पाच किलोमीटरवर. तिथं संग्रहालयही आहे, आई." आजी म्हणाल्या, "मग तेच बघू. आणि गाडी नको, बसनं जाऊ."

डोमलूरहून बस धरली. कंडक्टरने आधार कार्ड मागितलं. जून २०२३ पासून कर्नाटकातल्या स्त्रियांना साध्या सरकारी बसमधून प्रवास मोफत आहे. पण त्यासाठी पत्ता कर्नाटकातला हवा. लेकीला शून्य रुपयांचं तिकीट, नातीला शून्य रुपयांचं, आणि आजींना मिरजेच्या पत्त्यामुळे पैसे मोजून. लेकीचा चेहरा उतरला. आजी म्हणाल्या, "असू दे. आमच्याकडे एसटीत अर्धं असतं." मग खिडकीबाहेर पाहत राहिल्या.

हे संग्रहालय २००१ मध्ये सुरू झालं. आवारात खरीखुरी विमानं उभी आहेत. 'मारुत' हे भारतात विकसित झालेलं पहिलं लढाऊ जेट त्यातच. जर्मन अभियंता कुर्ट टांक यांच्या मार्गदर्शनाखाली तयार झालेलं हे विमान १९६१ मध्ये पहिल्यांदा उडालं. नात त्याच्या पोटाखालून वाकून फिरली. जावई तिला कारखान्याची गोष्ट सांगू लागले. सोलापुरात जन्मलेल्या वालचंद हिराचंद यांनी म्हैसूर संस्थानाच्या मदतीने २३ डिसेंबर १९४० रोजी इथे हिंदुस्थान एअरक्राफ्ट ही कंपनी काढली. पुढच्याच वर्षी पहिलं विमान जुळवून आकाशात उडालं. युद्ध सुरू होतं, म्हणून १९४२ मध्ये सरकारने कारखाना ताब्यात घेतला.

आजी थबकल्या. "वालचंद? आपल्या सांगलीच्या कॉलेजचे?"

तेच ते. सांगलीच्या वालचंद अभियांत्रिकी महाविद्यालयाला त्यांचंच नाव आहे, आणि आजोबांनी तिथल्या वर्कशॉपमध्ये एकतीस वर्षं लेथवर मुलं तयार केली होती. सायकलवरून स्टेशन, तिथून सांगली, तो डबा, ते तेलाचे डाग. आजी बाकावर बसल्या आणि नातीला आजोबांविषयी सांगत राहिल्या. गेल्या दोन वर्षांत त्या आजोबांबद्दल इतकं सलग बोलल्या नव्हत्या. जावयांनी आणखी एक नाव सांगितलं. कोल्हापूर जिल्ह्यातले डॉ. विष्णू माधव घाटगे. जर्मनीत प्रांटल यांच्या हाताखाली शिकून ते इथे आले, आणि त्यांच्या नेतृत्वाखाली भारतीयांनी स्वतः आखलेलं एचटी-२ हे शिकाऊ वैमानिकांचं विमान १९५१ मध्ये उडालं. "म्हणजे आपल्याकडची माणसं इथं आधीच येऊन गेलीत," आजी म्हणाल्या.

त्यानंतर फ्रिजवरच्या कागदाकडे कुणी पाहिलं नाही. रविवारी सगळे मेट्रोने कब्बन पार्कला गेले. एमजी रोडपर्यंत वरून धावणारी गाडी एकदम जमिनीखाली शिरते, तेव्हा आजींनी नातीचा हात घट्ट धरला. रविवारी बागेतून वाहनं जात नाहीत. रस्त्यावर मुलं स्केटिंग करत होती आणि वर गुलाबी टॅबेबुया फुलला होता. कुठल्या महिन्यात कुठलं झाड फुलावं, असा विचार करून या शहरात झाडं लावली गेली, ती क्रुम्बिगेल या जर्मन बागतज्ज्ञाच्या दृष्टीमुळे. खर्च झाला तो शेंगांचा. एका सकाळी मल्लेश्वरमचं काडु मल्लेश्वराचं देऊळ झालं. शहाजीराजांकडे १६३८ नंतर बंगळुरूची जहागीर होती. त्यांचे पुत्र व्यंकोजी यांनी या देवाला १६६९ मध्ये गाव दान दिल्याचा शिलालेख आहे. ब्रिगेड रोडची रोषणाई गर्दीमुळे लांबूनच पाहिली.

एकतीस डिसेंबरच्या रात्री इंदिरानगरात झोपण्याची आशा करू नये. साठेक वर्षांपूर्वी इथे शेतं होती. मग बंगले उठले, आता त्या बंगल्यांच्या जागी हॉटेलं आणि पब आहेत, आणि त्या रात्री हंड्रेड फीट रोडवर पाऊल ठेवायला जागा नसते. नात झोपली. मायलेकी गॅलरीत बसून तीळ निवडत होत्या.

"आवडलं का गं, आई, तुला इथं?" लेकीने शेवटी विचारलंच.

"गाव चांगलं आहे तुमचं. पण मला गाव बघायचं नव्हतं. तुम्ही रोज कसे राहता ते बघायचं होतं. ते त्या तिसऱ्या दिवशी दिसलं." आजी थांबल्या. "साडेनऊला येऊन उभ्यानं जेवतेस. मी इथं आले, तर स्वयंपाक करीन, पोरीला सांभाळीन, मला ते जड नाही. पण मग मी तुझ्या घरची पाहुणीही नाही आणि मालकीणही नाही. ते जमतं का, हे दहा दिवसांत नाही कळत."

लेक रडली. खाली फटाके सुरू झाले होते, त्यामुळे काही वेळ बोलणंही शक्य नव्हतं. मग आजींनीच तोड काढली. गिऱ्हाइकाला संक्रांतीला उत्तर नाही. थांबलं तर थांबेल. इथल्या शाळा एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात सुटतात, तेव्हा नातीने मिरजेला यायचं. जूनमध्ये आजींनी तिच्याबरोबर इकडे येऊन दिवाळीपर्यंत राहायचं. नंतर घराचं बोलू. "आणि तोवर तू बसून जेवायला शीक," त्या म्हणाल्या.

दोन तारखेच्या गाडीने आजी गेल्या. तिळाचा डबा आणि स्वेटर इथेच राहिलं. जानेवारीत रोज संध्याकाळी सात वाजता मिरजेला फोन जाऊ लागला, कन्नडच्या गृहपाठासाठी. एका संध्याकाळी नात रडकुंडीला आली होती.

"आजी, बाईंनी माझे सगळे 'री' खोडले."

"खोडू देत. एप्रिलमध्ये आलीस की परत घालू."