यंदा कितवा नंबर?

फुटबॉलचा हंगाम जवळ आला की आमच्या कचेरीत जेवणाच्या सुट्टीत भाकितांना ऊत येतो. कुणी म्हणतो, चषक आपलाच. कुणाला बचावफळी कच्ची वाटते. आम्ही मुंबई सिटीचे. २०२१ साली गोव्यातील अंतिम सामन्यात बिपीन सिंगने अगदी अखेरीस गोल मारून चषक जिंकून दिला. २०२४ साली कोलकात्यात जाऊन मोहन बागानला ३-१ ने हरविले. तेव्हा आशा वाढणारच.

परंतु आम्ही त्याआधी महिंद्रा युनायटेडचे प्रेक्षक होतो. कूपरेजला उन्हात बसून सामने पाहिले. २००५-०६ साली तो संघ राष्ट्रीय लीगचा विजेता झाला आणि २०१० साली बंदच झाला! पुढच्या हंगामाचे सारे आडाखे आमच्याजवळच राहिले. २०२५ च्या जुलैत तर करार संपत आल्याने इंडियन सुपर लीगच लांबणीवर पडली. भाकितात खेळाडू असतात, प्रशिक्षक असतो; करार कुणीच धरीत नाही. आम्ही मात्र कारकून माणसे, फाईलवर सही झाल्याखेरीज काही खरे मानत नाही.

म्हणून पोरे विचारतात, "भाऊ, यंदा कितवा नंबर?" तेव्हा आम्ही म्हणतो, आधी वेळापत्रक लागू द्या. बागानचा सामना अंधेरीला असेल, तर चार तिकिटे आमची धरा.