आमचा मोटारखाना

सुटीत आपण काय करता, असा प्रश्न पालक भेटले म्हणजे विचारतात, आणि उत्तर देताना मजला थोडा संकोच वाटतो. माझे सहकारी सुटीत वाचन करितात, गावी जातात, कोणी पेटी वाजवितात. मी मात्र सुटीचा बराचसा काळ एका जुन्या मोटारीखाली उताणा पडून घालवितो. शिक्षकास हे शोभते की नाही, ह्याचा निर्णय वाचकांनी करावा.

ही मोटार म्हणजे १९६८ सालची फियाट ११०० डिलाइट. कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यात ती तयार झाली. वालचंद हिराचंद ह्या सोलापूरच्या उद्योगपतींनी ती कंपनी १९४४ साली स्थापिली होती. माझ्या वडिलांनी ही मोटार अहमदनगरास (आताचे अहिल्यानगर) दुसऱ्या हाताची विकत घेतली, तेव्हा मी पाळण्यात होतो. वडील तसे मितव्ययी. चहातही साखर मोजून घालीत. परंतु तरुणपणी शिक्षणासाठी ते मद्रासेस असताना शोलावरम येथील मोटारींच्या शर्यती पाहण्यास गेले होते, आणि तेथेच हा रोग त्यांना जडला. शोलावरम म्हणजे मद्रासच्या उत्तरेस दुसऱ्या महायुद्धाच्या काळातील एक विमानांची धावपट्टी. तीवर गवताच्या पेंढ्या व पिंपे मांडून वळणे केलेली असत, असे ते सांगत. आपल्या रस्त्यांवर रोज दिसणाऱ्या फियाट व हेराल्ड ह्या गाड्याच तेथे डागडुजी करून धावत. ज्या मोटारीतून डॉक्टर रोग्यास पाहावयास जातो तीच रविवारी शर्यतीत उतरते, ह्याचे वडिलांना मोठे कौतुक वाटे.

विद्यार्थिमित्रांनो, ह्या मोटारीच्या यंत्रावर एक सोपे गणित होते. सिलिंडर चार, प्रत्येकाचा व्यास ६८ मिलिमीटर व दट्ट्याची धाव ७५ मिलिमीटर. वृत्तचितीच्या घनफळाचे सूत्र लावून पाहा. उत्तर १०८९ घन सेंटिमीटर आणि वर थोडे असे येईल. ह्या मापाचे यंत्र फियाटने १९३७ साली इटलीत प्रथम काढिले. पुढे चिसितालिया नावाच्या छोट्या कंपनीने त्याच यंत्रात सुधारणा करून शर्यतीच्या मोटारी बांधल्या. १९४७ च्या जून महिन्यात, म्हणजे आपल्या स्वातंत्र्याच्या दोनच महिने आधी, इटलीत मिल्ले मिल्या ही सोळाशे किलोमीटरांहून लांब पल्ल्याची शर्यत झाली. तीत ताझिओ नुव्होलारी हा ५४ वर्षांचा आजारी सारथी असल्या एका उघड्या चिमुकल्या मोटारीत बसून जवळजवळ तिप्पट मोठ्या यंत्राच्या आल्फा रोमिओच्या पुढे होता. इतक्यात मुसळधार पाऊस आला, ठिणगी पाडणाऱ्या यंत्रणेत पाणी शिरले आणि मोटार थांबली. ती पुन्हा सुरू करून त्याने शर्यत पुरी केली, पण दुसऱ्या क्रमांकाने.

ही हकीगत वडिलांनी मला प्रथम सांगितली ती शीव–पनवेल रस्त्यावर, भर जुलैत, आमचीही मोटार अशीच बंद पडली असताना. बॉनेट उघडून त्यांनी डिस्ट्रिब्युटरचे झाकण काढिले, खिशातील कोरड्या रुमालाने आतून पुसले आणि मोटार चालू झाली. "नुव्होलारीजवळ कोरडा रुमाल नसावा," असे ते म्हणाले. हे म्हणणे इतिहासास धरून आहे असे मी म्हणणार नाही. परंतु त्या दिवसापासून मोटारीत कोरडा रुमाल ठेवण्याचा नेम मी मोडिलेला नाही.

वडिलांच्या पश्चात मोटार नेरूळच्या आमच्या घरी आली. आमचे घर ओळीतील असून पुढे लहानसे अंगण आहे. तेथे ताडपत्रीखाली ती उभी राही, आणि ह्यात माझ्या दोन चुका झाल्या. पहिली चूक अज्ञानाची. ताडपत्रीखाली ओल कोंडते, आणि नवी मुंबईस तर खाडीची खारी हवा; तीन पावसाळ्यांत दारांच्या खालच्या कडा पापडासारख्या झाल्या. दुसरी चूक आळसाची होती, आणि ती लिहिताना आजही हात थांबतो.

२०१९ च्या पावसाळ्यातील गोष्ट. पुढचे चाक काढावयाचे होते. अंगणात फरसबंदीचे ब्लॉक बसविलेले, त्यांखालची वाळू पावसाने वाहून गेलेली. मी जॅक लाविला, चाक काढिले. मागच्या चाकास दगड लाविला नाही, खाली लोखंडी घोडा ठेविला नाही. पाच मिनिटांचे तर काम! एक नट घरंगळत मोटारीखाली गेला. माझा मुलगा तेव्हा तिसरीत होता. मी काही म्हणण्यापूर्वीच तो पालथा पडला, हात आत घालून त्याने नट काढिला आणि, "पप्पा, हा घ्या," म्हणून उठला. तो उठून दोन श्वासही झाले नसतील, तोच जॅक तिरपा झाला आणि मोटार खाली आली. ब्रेकचा ड्रम जेथे आदळला तेथील ब्लॉकचे दोन तुकडे झाले. नट घेऊन उभ्या असलेल्या मुलास काय टळले हे समजलेही नाही. पत्नी दारातून सर्व पाहत होती. ती मजला एक शब्दही बोलली नाही. मुलास घेऊन आत गेली. देवाची कृपा ह्यापलीकडे त्या क्षणास दुसरे नाव मला सुचत नाही.

त्यानंतर चार महिने मी मोटारीस हात लाविला नाही. विकून टाकावी असेही मनात आले, आणि एक गिऱ्हाईक येऊन पाहूनही गेले. शेवटी पत्नीच म्हणाली, "विकायची तर विका, पण ठेवायची असेल तर तिला नीट जागा करा." तेव्हा मोटारखाना बांधावयाचा ठरला.

जागा दहा फूट रुंद व अठरा फूट लांब. मोटार सुमारे तेरा फूट, म्हणजे पुढे पाट्याला जागा राहते. सर्व खर्चात मोठा खर्च जमिनीचा झाला. ब्लॉक उखडून, मुरूम ठोकून, त्यावर काँक्रीट घातले. जॅक रुतेल अशी जागा आता तेथे नाही. लोखंडी घोडे चार घेतले, आणि लाकडी पाचरी सुताराकडून करून घेतल्या. भिंतीत जाळ्या ठेविल्या त्या वर आणि अगदी जमिनीलगतही. कारण पेट्रोलची वाफ हवेहून जड असल्यामुळे ती खालीच साचते. दार बंद असताना यंत्र सुरू करावयाचे नाही, हा तेथील पहिला कायदा. धुरातील कार्बन मोनॉक्साइड वायूस रंग नाही, वासही नाही. तो येतो हे कळत नाही. ताडपत्री जाऊन सुती आच्छादन आले. हत्यारे थोडीच आहेत: पान्यांचा एक संच, फीलर गेज, प्लगचा पाना आणि वडिलांचा टॉर्च. फुटक्या ब्लॉकचे दोन्ही तुकडे पाट्याखाली ठेविले आहेत.

मुलगा आता नववीत आहे. दोन वर्षांपूर्वी त्यास ह्या नादाने पुरते घेरले, आणि ह्या फियाटची शर्यतीची मोटार करावी असा हट्ट त्याने धरिला. बंपर काढावे, यंत्र बदलावे, वजन उतरवावे! चित्रेही काढून आणिली. मजला मोह झाला नाही असे नाही. परंतु केंद्र सरकारने २०२१ च्या जुलैत जे नियम केले, त्यांनुसार पहिल्या नोंदणीस पन्नास वर्षे झालेली खाजगी मोटार वारसा म्हणून नोंदता येते, ती मूळ रूपात असेल तरच. सांगाडा वा यंत्र बदलले की तो हक्क गेला. शिवाय तशा मोटारीस रोजच्या वापराची मनाई आहे. प्रदर्शन, जुन्या मोटारींची फेरी अशा ठरावीक कारणांसाठीच ती रस्त्यावर आणावयाची. म्हणजे रविवारी तीतून चर्चला जाणे बंद! ह्या नोंदणीचा निर्णय मी अद्याप केलेला नाही. बदल मात्र करावयाचे नाहीत, हे ठरले. मुलगा आठ दिवस रुसून होता. त्याच सुमारास पाम बीच रस्त्यावर रात्री मोटारी पळविण्याविषयी त्याच्या मित्रांत चाललेले बोलणे माझ्या कानी आले होते, म्हणून त्याचा रुसवा मी हसण्यावारी नेला नाही.

मुंबईतील काळी-पिवळी पद्मिनी २०२३ च्या ऑक्टोबरात अखेर रस्त्यावरून गेली. तिचे यंत्र आमच्याच मोटारीच्या जातीचे, तेही १०८९ चेच. कुर्ल्याच्या जुन्या सामानाच्या बाजारातून तसले एक यंत्र आम्ही बापलेकांनी टेंपोत घालून आणिले आणि जाड फळ्यांच्या चौकटीवर बसविले. हे यंत्र त्याचे. त्यात त्याने वाटेल तो बदल करावा. फियाटीस मात्र मूळच्याप्रमाणे ठेवावे, असा आमचा करार आहे. सिलिंडर झिजले असल्यामुळे ते किती रुंद करावे आणि मग घनफळ किती होईल, हे गणित त्याने स्वतः मांडिले. पहिल्यांदा व्यासाऐवजी त्रिज्या धरून चुकला, दुसऱ्यांदा बरोबर आले. तूर्त तिसऱ्या सिलिंडरात दाब कमी भरतो. नाताळच्या सुटीत व्हॉल्व्ह उघडून पाहावयाचे आहेत.