होडी शिवता येते!

होडी शिवतात! ठोकत नाहीत, शिवतात! आणि तीही घरच्या घरी, तांब्याची तार आणि पक्कड घेऊन! हे कळल्यापासून मी एका जागी स्वस्थ बसलेली नाही. दूधवाल्याला सांगून झालं, शेजारच्या अम्मांना सांगून झालं, बँकेच्या रांगेत माझ्या पुढे उभ्या असलेल्या आजोबांनाही सांगून झालं. आता तुमची पाळी!

आधीच सांगते, मला यातलं काही येत नाही. मी सुतार नाही, इंजिनिअर नाही, कोळ्यांच्या घरातली तर नाहीच नाही. आमच्या घराण्याच्या पिढ्या हैदराबादच्या काचीगुड्यात गेल्या, समुद्र इथून शेकडो किलोमीटर लांब, आणि घरात कुणी कधी वल्हं हातात धरलेलं नाही. तेव्हा मी म्हणते ते वेदवाक्य समजू नका. फक्त माझ्याबरोबर चला!

कुठे? हुसेनसागरावर! इब्राहिम कुतुबशाहाच्या काळातला तलाव, १५६२ च्या सुमाराचा. आणि हैदराबाद वसलं १५९१ मध्ये! म्हणजे पाणी आधी, शहर मागून! या पाण्यावर शिडाच्या होड्यांच्या शर्यती होतात. सैन्याच्या ईएमई सेलिंग असोसिएशनच्या होड्या इथे असतात, यॉट क्लब ऑफ हैदराबादच्या असतात, आणि त्यांत सगळ्यांत लहान होडी असते ती ऑप्टिमिस्ट. एका होडीत एकच मूल! शीड त्याचं, सुकाणू त्याचं, वाऱ्याशी भांडण त्याचं! मी काठावर उभी राहून बघतच राहिले, आणि मग लक्षात आलं की या होडीला पुढे टोकच नाही. नाळ चपटी! कुणीतरी करवतीने सरळ कापून टाकावी तशी! का बरं?

आणि मग जे कळलं ते ऐका! १९४७ साल. अमेरिकेत फ्लोरिडातल्या क्लिअरवॉटर गावात क्लार्क मिल्स नावाचे होड्या बांधणारे गृहस्थ होते. त्यांना सांगण्यात आलं, मुलांसाठी होडी हवी, आणि ती पन्नास डॉलरच्या आत बसली पाहिजे. प्लायवूडचा शीट असतो आठ फूट बाय चार फूट. मिल्सनी ठरवलं, दोन शीट, बस्स! होडी आठ फुटांच्या आत बसवायची तर टोक काढायला जागाच उरत नाही, म्हणून पुढची बाजू चपटी! म्हणजे हुसेनसागरावर तरंगणारा तो आकार लाकडाच्या वखारीतल्या शीटच्या मापाने ठरला आहे! आज तिथे दिसतात त्या होड्या फायबरच्या, पण जन्म प्लायवूडचा. आणि आठ फूट बाय चार फुटांचा शीट तर आपल्या गोशामहलमध्येही मिळतो!

इथे माझी झोप उडाली.

आणि मग मी शोधत सुटले, आणि मग मला ती दुसरी होडी सापडली, इंग्लंडची, मिरर नावाची. डेली मिरर या वर्तमानपत्राने ती १९६३ मध्ये लोकांसमोर आणली. होड्यांचे रचनाकार जॅक होल्ट, आणि त्यांच्या जोडीला बॅरी बकनेल, जे टीव्हीवर घरगुती दुरुस्त्या शिकवायचे! लांबी दहा फूट दहा इंच, शिडं लालभडक, आणि लोकांनी ती आपापल्या घरी बांधायची! कापलेल्या फळ्या घ्या, कडेने भोकं पाडा, तांब्याच्या तारेने टाके घाला, सांध्यावर काचेच्या धाग्यांची पट्टी राळेत भिजवून चिकटवा. झाली होडी! सत्तर हजारांहून जास्त मिरर होड्या बनल्या. सत्तर हजार! त्या बांधणाऱ्या कितीतरी लोकांनी त्याआधी साधं फडताळसुद्धा केलं नसेल!

पण खरी गंमत तुम्हाला हाताने करून बघावी लागेल, त्याशिवाय पटणार नाही. एक जुनी लग्नपत्रिका घ्या. आत्ता घ्या, मी थांबते! तिच्यातून दोन सारख्या अर्धचंद्रकोरी कापा, एक कड सरळ, एक कड गोलसर. दोन्हींच्या गोलसर कडा एकमेकींना चिकटपट्टीने जोडा, टोकापासून टोकापर्यंत. आता वरच्या सरळ कडा हळूच फाकवा. बघा! बघितलंत? होडी! आत सांगाडा नाही, फासळ्या नाहीत, साचा नाही, आणि तरी सपाट कागदाला पोट आलं! पुठ्ठा एका वेळी एकाच दिशेला वाकायला तयार असतो, प्लायवूडही तसाच. दोन वाकड्या कडा जबरदस्तीने एकत्र आणल्या की त्याला वाकण्यावाचून गत्यंतर नसतं. सगळा आकार त्या शिवणीत!

हे मी मावशीला दाखवलं. तिने आयुष्यभर सुलतानबाजारात ब्लाउज शिवले. तिने पुठ्ठा उलटासुलटा केला आणि म्हणाली, "अगं, हे तर टक्स घेणं झालं! सपाट कापडाला गोलाई दुसरी कशाने येते?" मी तिला मिठी मारली! इतके दिवस मी जे वाचून वाचून समजून घेत होते ते तिने एका वाक्यात सांगितलं! मीही एक होडी शिवायचं ठरवलं, आणि तेव्हापासून ती त्या कामात माझी भागीदार आहे, आणि तार कुठे ढिली पडली ते तिला माझ्याआधी दिसतं.

मग वखार! भोईगुडा बघितलं, गोशामहल बघितलं. लाकडाचा तो वास! मी उगाचच खोल श्वास घेत फिरत होते. दुकानात सहा मिलिमीटरचा मरीन प्लाय मागितला तर मालक विचारतात, "किचन का काम है क्या मॅडम?" म्हटलं, "नई, नाव बनारी मैं." "नाव? पानी की नाव?" "हौ!" "और पानी कां है?" म्हटलं, "हुसेनसागर!" त्यांनी चष्मा काढला, हिशेबाची वही मिटली आणि विचारलं, "दो शीट में हो जाता क्या?" बघा! लागण झाली! पुढचा अर्धा तास आम्ही दोघं त्यांच्या पुठ्ठ्याच्या खोक्यावर पेन्सिलीने होडी काढत होतो!

आणि हे मला तिथेच कळलं, की मरीन प्लाय शहरभर विकला जातो तो सिंकखालच्या कपाटांसाठी! शीटवर छापलेला असतो आयएस ७१०. या मानकाच्या कसोटीत प्लायचा तुकडा ७२ तास उकळत्या पाण्यात ठेवतात, आणि तरी त्याचे थर सुटता कामा नयेत. तीन दिवस, तीन रात्री, उकळत्या पाण्यात! एवढी अग्निपरीक्षा देऊन आलेला बिचारा आपल्या घरांत भांड्यांच्या साबणाशेजारी उभा असतो. त्याला एकदा तरी खरं पाणी दाखवायला नको?

शिवणीचा दिवस तर काय सांगू! कापलेल्या फळ्या गच्चीवर मांडल्या. कडेपासून बोटभर आत, वीतभर अंतरावर, बारीक भोकं. तारेचे तुकडे ओवायचे, बाहेरून पीळ द्यायचा, पण आधी सगळे ढिले! घाई करायची नाही! मध्यापासून सुरू करायचं, एक टाका डावीकडे, एक उजवीकडे, थोडं थोडं घट्ट करत टोकांकडे जायचं. आणि मग प्लाय करकरतो, आणि मग तो अंग आक्रसून घेतो, आणि मग दोन्ही बाजू वर उचलल्या जातात, आणि मग सकाळपर्यंत गच्चीवर सपाट पडलेल्या लाकडांतून एकदम होडी उभी राहते! उभी! मी आणि मावशी दोघीही ओरडलो. खालून अम्मा धावत वर आल्या, त्यांना वाटलं काहीतरी पडलं. त्यांनी होडी बघितली, आणि कुणाला काही न विचारता तिच्या नाळेला हळदकुंकू लावलं.

आणि आता ती गोष्ट सांगते, जिच्यामुळे माझ्या अंगावर अजून काटा येतो. हे तंत्र इंग्लंडचं नवल म्हणून मी नाचत होते, आणि आपल्या पश्चिम किनाऱ्यावर शतकानुशतकं मोठमोठी जहाजं काथ्याने शिवत होते! फळीला फळी, नारळाच्या दोरीने! खिळा नाही! लाट आदळली की शिवलेलं अंग थोडं लवतं, तडकत नाही. आणि असं जहाज आत्ता, आपल्या डोळ्यांदेखत, पुन्हा बांधलं गेलं आहे! गोव्यात! नाव आयएनएसव्ही कौंडिण्य. केरळचे बाबू शंकरन आणि त्यांच्या कारागिरांनी ते शिवलं, बांधणी गोव्याच्या होडी इनोव्हेशन्सची, आणि मे २०२५ मध्ये कारवारला ते नौदलात आलं. आकार कुठून घेतला? अजिंठ्याच्या चित्रातून! पाचव्या शतकातलं जहाज, आणि त्याचा एकही आराखडा शिल्लक नाही. फक्त भिंतीवरचं चित्र! त्या चित्रावरून शिडं, सुकाणूची वल्ही, सगळं अंदाजून काढलं, आयआयटी मद्रासमध्ये नमुन्याच्या चाचण्या घेतल्या, आणि मग डिसेंबर २०२५ मध्ये ते जहाज पोरबंदरहून थेट मस्कतला निघालं! शिवलेलं जहाज! अरबी समुद्रात!

आणि स्वातंत्र्याच्या आधी अजिंठा कुणाच्या राज्यात होता? निजामाच्या! आपल्या हैदराबाद संस्थानात! १९१४ मध्ये संस्थानाचं पुरातत्त्व खातं निघालं, त्याचे प्रमुख गुलाम याझदानी. त्यांनी या चित्रांची निगा राखली आणि अजिंठ्यावर चार खंडांचा ग्रंथ काढला. म्हणजे ज्या भिंतीवरून कौंडिण्य उतरलं ती भिंत जपायचं काम आमच्या या शहरातून चाललं होतं! समुद्राचा थेंब नसलेल्या शहरातून! मला आता कुणी म्हणू नये की हैदराबादेत होडीचं काय काम.

एक फरक मात्र आहे, आणि तो मला फार महत्त्वाचा वाटतो. कौंडिण्यचे टाके कायमचे, तेच जहाजाला धरून ठेवतात. माझे टाके तात्पुरते. आकार आला की आतल्या सांध्यांत इपॉक्सी भरायची, तिच्यात लाकडाची बारीक पूड कालवून, बोटाने गोलाई देत. ती वाळली की तारा काढायच्या, काचेच्या धाग्यांची पट्टी आतूनही चढवायची आणि बाहेरूनही, आणि मग हीच पट्टी होडीची हाडं होते! इपॉक्सी आपल्याच उष्णतेने तापते. खोल वाटीत जास्त कालवली तर धूर निघायला लागतो, म्हणून थोडी थोडी, पसरट ताटलीत, आणि हैदराबादच्या उन्हात तर पहाटेच! हातमोजे हवेतच, आणि घासताना तोंडावर मास्क. यात लाड नाहीत.

आणि हेच साहित्य मोठ्यांनीही वापरलं आहे, बरं का! गोव्यात दिवाडी बेटावर रत्नाकर दांडेकरांच्या गोदीत म्हादेई बांधली गेली, ५६ फुटी, लाकूड, काचेचं कापड आणि इपॉक्सी यांचीच. तिच्यातून दिलीप दोंदे यांनी २००९-१० मध्ये एकट्याने जगप्रदक्षिणा केली. असं करणारे पहिले भारतीय! माझ्या गच्चीवरच्या डब्यात जे आहे तेच, फक्त खूप जास्त!

अजून एक हिशेब दाखवते, हा तर मी कागदावर पुन्हा पुन्हा मांडून बघते. होडी ३५ किलो, आत बसणारी मी ६५ किलो. मिळून १०० किलो, म्हणजे १०० लिटर पाणी बाजूला सारायचं. तळाचं क्षेत्रफळ दीड चौरस मीटर धरलं तर होडी पाण्यात किती बुडेल? सात सेंटिमीटरसुद्धा नाही! माझ्यासकट! चार बोटं पाणी मला उचलून धरणार! अर्थात पुढे-मागे हवेच्या बंद पेट्या ठेवते आहे, म्हणजे उलटली तरी तरंगेल, आणि लाइफ जॅकेट अंगात घातल्याशिवाय मी पाण्याच्या जवळसुद्धा जाणार नाही. तलावाशी मस्ती नाही.

आता काम आलंय कडेच्या पट्टीवर. होडीच्या वरच्या काठाला सागाची लांब पट्टी आतून-बाहेरून चिकटवायची, वाकवत वाकवत, आणि सरस धरेपर्यंत तिला जागच्या जागी दाबून ठेवायचं. एकटीदुकटीचं कामच नाही ते! वखारीचे मालक येणार आहेत, मावशी आहेच, अम्मा इडल्या आणणार आहेत. तुम्हीही या! रविवारी, उजाडायच्या आत, जुने कपडे घालून. आणि घरात जेवढे सी-क्लॅम्प असतील तेवढे घेऊन या, शेजाऱ्यांचे मागून आणा, कितीही आणलेत तरी कमीच पडणार आहेत!