सेवेची बाकी

मालक आणि नोकर यांचा संबंध चालू असतो तोवर पैशाविषयीची कुरबुर, उद्या पुन्हा एकमेकांचे तोंड पाहायचे आहे या जाणिवेने, बेताचीच राहते. परंतु नोकरी संपली की तीच कंपनी त्याच माणसाकडे तगादा लावणारा परका धनको म्हणून पाहू लागते, आणि ज्याने उमेदीची वर्षे तिथे वेचली त्याला स्वतःच्या हक्काची रक्कम मागताना याचकाची मुद्रा धारण करावी लागते.

आमच्या शेजारचे एक वृद्ध गृहस्थ लालबागच्या एका गिरणीत साचेखात्यात होते. निवृत्तीनंतर ग्रॅच्युइटीचा हिशेब हाती आला, तेव्हा कायम होण्यापूर्वीची त्यांची बदली कामगार म्हणून झालेली सारी वर्षे त्यातून गळालेली होती. रोज सकाळी गिरणीच्या दारात उभे राहायचे, कोणी कायम कामगार गैरहजर असला तर आत जायचे, नाहीतर घरी परतायचे, अशा त्या वर्षांची साक्ष म्हणून त्यांच्यापाशी पत्र्याच्या डब्यात जपलेली, कडा झिजलेली, हजेरीच्या शिक्क्यांनी भरलेली काही कार्डे तेवढी होती.

पूर्वी पुष्कळ ठिकाणी मालकाच्या मर्जीवर अवलंबून असलेली ग्रॅच्युइटीची ही रक्कम १९७२ च्या कायद्याने हक्काची केली. अखेरच्या मासिक वेतनाला २६ ने भागून येणाऱ्या रोजाच्या हिशेबाने, सेवेच्या दर वर्षामागे १५ दिवसांचे वेतन, असा तो साधा त्रैराशिकाचा मामला. तथापि सोलापूरच्या लक्ष्मी-विष्णू मिलच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९८१ साली असा निर्णय दिला की, ज्या वर्षी बदली कामगाराचे प्रत्यक्ष कामाचे २४० दिवस भरले नाहीत ते वर्ष हिशेबात धरता येणार नाही. म्हणजे वादाचा सारा भार हजेरीपटावर येऊन पडला, आणि हजेरीपट तर मालकाच्या दप्तरात. आमच्या शेजाऱ्यांच्या प्रकरणी कंपनीने कैफियत दिली की जुने पट पावसाच्या पाण्यात नष्ट झाले.

दप्तरावरच्या ताब्याखेरीज मालकाचे दुसरे बलवत्तर साधन म्हणजे विलंब. कंपनीच्या लेखी पुढची तारीख म्हणजे वकिलाच्या शुल्काची आणखी एक नोंद. वृद्धाच्या लेखी मात्र ती उरलेल्या आयुष्यातून वजा होणारी मुदत असते. ३० दिवसांत रक्कम द्यावी, न दिल्यास सरळव्याज द्यावे (त्याचा दर पुढे दरसाल १० टक्के ठरला), आणि अपील करणाऱ्या मालकाने आधी रक्कम जमा करावी, या तरतुदी ज्यांनी घातल्या त्यांना हे मर्म नेमके उमगले होते: सबळ पक्षाला दिरंगाई फुकट मिळू लागली की निर्बळाचा हक्क कागदावरच राहतो.

शेजाऱ्यांची जी वर्षे कार्डांवरच्या शिक्क्यांनी शाबीत झाली ती ग्रॅच्युइटीच्या दाव्याचा निवाडा करणाऱ्या अधिकाऱ्याने मान्य केली. ज्यांची कार्डे हरवली होती ती बुडाली. घाम दोन्हींत सारखाच गळाला होता. म्हणून नोकरीत असलेल्या प्रत्येकाला माझे आग्रहाचे सांगणे आहे की, नेमणुकीचे पत्र, पगाराच्या पावत्या आणि हजेरीचा प्रत्येक पुरावा पहिल्या दिवसापासून स्वतःपाशी जपून ठेवा; मालक कितीही सज्जन असला तरी आपल्या सेवेचे दप्तर एकट्या त्याच्या कपाटात राहू देऊ नका.