कानामागून आली

'कानामागून आली आणि तिखट झाली' ही म्हण मी वर्गात वीस वर्षे शिकवीत आलो आहे. परंतु तिचा अक्षरशः प्रत्यय मला आला तो दोन वर्षांपूर्वी, माझ्या उजव्या कानामागे एक यंत्र येऊन बसले तेव्हा. कॉक्लिअर इम्प्लांट हे त्याचे नाव. आता घरात त्याचेच राज्य आहे. रात्री निजताना त्याला आधी डबीत निजवायचे, सकाळी चहाच्या आधी त्याची बॅटरी पाहायची, पावसात माझे डोके भिजले तरी चालेल पण ते भिजता कामा नये! आमच्या सौ. म्हणतात, "माझ्या लग्नात सासूबाईंनीसुद्धा माझे एवढे कौतुक केले नव्हते."

माझे कान गेले ते एकाएकी नव्हे. पस्तिशीच्या सुमारास प्रथम मागच्या बाकावरची कुजबूज गेली. शिक्षकाला हे वरदानच वाटावे! मग पुढच्या बाकावरचे प्रश्न गेले, आणि मग साधे श्रवणयंत्र घालूनही आवाज नुसता मोठा व्हायचा, शब्द काही हाती लागायचा नाही. ओठ वाचून मी वेळ मारून नेत असे. समोरच्या माणसाला ओठ असतात, भुवया असतात, हात असतात. त्यांच्या भरवशावर माणूस निम्मेअधिक बहिरेपण खपवून नेतो. टेलिफोनवरच्या माणसाला मात्र यातले काहीच नसते. सहा वर्षे आमच्या घरातला प्रत्येक फोन सौ.नी घेतला. पाथर्डी तालुक्यातल्या आमच्या गावाहून आई फोन करायची, पंधरा-पंधरा मिनिटे बोलायची, आणि फोन ठेवल्यावर मी विचारले की उत्तर मिळायचे, "बऱ्या आहेत म्हणाल्या." सहा वर्षांत माझ्या वाट्याला आई आली ती एवढ्याच शब्दांत.

मोठी मौज अशी, की 1876 साली ज्यांनी टेलिफोनचे पेटंट घेतले ते अलेक्झांडर ग्रॅहम बेल बहिऱ्या मुलांचे शिक्षक होते. त्यांच्या आईला ऐकू येत नसे. पत्नी मेबल तर लहानपणीच्या तापात ठार बहिरी झालेली. सगळ्या जगाच्या कानाला त्यांनी यंत्र लावले, आणि घरातल्या या दोघींना मात्र त्याचा काडीचा उपयोग नव्हता. ही हकीकत वाचली तेव्हा मेबलबाई मला अगदी नात्यातल्या वाटल्या.

माझे यंत्र म्हणजे काय, ते सांगतो. आपल्या आतल्या कानात गोगलगाईच्या शंखासारखी, अडीच वेढ्यांची एक नळी असते. तीत ऐकण्याचे काम करणाऱ्या सुमारे साडेतीन हजार केसाळ पेशी ओळीने बसलेल्या असतात. माझ्या त्या मेल्या. त्यांच्या जागी आता एक बारीक तार आत सरकवली आहे आणि तिच्यावर 22 विद्युतबिंदू आहेत. कानामागचा भाग आवाज टिपतो, त्याची फोड करतो आणि कातडीपलीकडे पाठवितो. मग ते बिंदू थेट मज्जातंतूला टोचण्या देतात. ही तार त्या वळणदार शंखात न मोडता शिरवायची कशी, हा प्रश्न मेलबर्नच्या ग्रॅम क्लार्क यांना पडला होता. 1977 साली ते सुटीत समुद्रकिनाऱ्यावर असताना त्यांनी शिंपल्याच्या शंखात गवताची पाती घालून पाहिली. टोकाला लवचीक आणि बुडाशी ताठ असलेली पाती सुरेख आत गेली! पुढच्याच वर्षी त्यांनी पहिल्या रोग्यावर आपली शस्त्रक्रिया केली. त्यांचे वडीलही बहिरे होते, औषधांचे दुकान चालवीत. बहिऱ्याचे कल्याण बहिऱ्याच्या घरातून व्हावे, असा काही संकेतच असावा.

साडेतीन हजारांच्या जागी 22! म्हणजे सारंगी नेली आणि हाती बाजाची पेटी दिली. पेटीवर गाणे होते, पण मींड येत नाही. यंत्र प्रथम चालू केले त्या दिवशी सौ., ऑडिऑलॉजिस्ट बाई आणि खालचा चहावाला असे तिघेही मला पत्र्याच्या डब्यात बसून बोलल्यासारखे ऐकू आले. सूर तर अजूनही नीटसा कळत नाही. 'जेवलास' हे विधान आहे की प्रश्न, हे आवाजाच्या चढउतारावरून ओळखणे मला कठीणच. पण आमची आई नेहमी 'जेवलास का?' असे विचारते. व्याकरणाच्या तासाला प्रश्नार्थक 'का' मी दोन मिनिटांत उरकत असे. त्या एका अक्षराचे आपल्या भाषेवर केवढे उपकार आहेत, हे आता मी विद्यार्थ्यांना चांगला अर्धा तास सांगतो.

समोरासमोरचे बोलणे सहा महिन्यांत जमू लागले. टेलिफोन मात्र जमेना. एक तर तो धरायचाच वेगळा! माझा ऐकण्याचा माइक कानाच्या भोकात नाही, कानाच्या वरच्या कडेला आहे; म्हणून फोन कानशिलाजवळ, जरा मागे धरावा लागतो. चितळे रोडवर मी असा उभा राहिलो, तर डोके दुखते आहे असे समजून एका भल्या गृहस्थाने मला बाम देऊ केला. दुसरे असे, की माणसाचा कान साधारण 20 ते 20,000 कंपनांपर्यंतचे आवाज ऐकतो, तर जुन्या टेलिफोनच्या तारेतून फक्त 300 ते 3,400 एवढेच जातात. 'स'ची बरीचशी शक्ती त्याच्या वर असते. म्हणजे बिचारा 'स' दारातच अडतो! नव्या पद्धतीच्या कॉलमध्ये हे दार पुष्कळ रुंद झाले आहे, आणि ब्लूटूथने आवाज सरळ यंत्रात उतरतो. पण आईजवळ साधा बटणांचा फोन, आणि गावात रेंज लिंबाच्या पारावर.

शिकवणी सुरू झाली. मुलगी आतल्या खोलीतून फोनवर वर्तमानपत्राचे मथळे वाची आणि मी बाहेर बसून ओळखी. तिथे ध्यानात आले, की आखूड शब्द हुलकावणी देतात आणि लांब शब्द सापडतात. 2024 साली आमच्या शहराचे नाव सरकारदरबारी अहिल्यानगर झाले, तरी माणसे सवयीने 'नगर'च म्हणतात. पण फोनवर 'नगर' माझ्या हातून निसटते आणि 'अहिल्यानगर' पहिल्या झटक्यात कळते. आकड्यांनी तर माझे नाकच कापले. 2019 साली दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात 'बासष्ट'ऐवजी 'साठ दोन' असे वाचण्याची सोय केली, तेव्हा स्टाफरूममध्ये मराठीच्या नावाने सर्वांत मोठा गळा मीच काढला होता. आता किराणावाल्याला फोनवर मीच विनवितो, "शेटजी, बासष्ट की बाहत्तर? साठ दोन की सत्तर दोन, तेवढे सांगा!"

आणि मग आषाढातला तो फोन आला. आईचा. घरी मी एकटाच होतो. धीर करून घेतला. 'जेवलास का', 'पोरगी कशी आहे' हे सारे मला लख्ख कळले. हर्षाने मी फुलून गेलो. पुढे आई काही म्हणाली आणि मला ऐकू आले, 'काल पाऊस झाला.' पाथर्डीकडच्या माणसाने आषाढात दुसरे काय सांगावे? मी मोठ्या उत्साहाने म्हणालो, "फार बरं झालं! केव्हापासून वाट पाहत होतो!"

पलीकडे क्षणभर काहीच नव्हते. मग आई म्हणाली, "बरं, ठेवते." सायंकाळी शेजाऱ्यांनी सौ.ना फोन केला, तेव्हा कळले. आई म्हणाली होती, 'काल पाय घसरला.' न्हाणीत पडून तिचे उजवे मनगट मोडले होते.

रात्री अकराला आम्ही गावी पोचलो. हात प्लास्टरमध्ये, आणि ती आमच्यासाठी भाकरीच्या खटपटीत. मी अपराध्यासारखा उभा. ती म्हणाली, "तुला ऐकू आलं नाही, हे कळलं मला. पण तुझा आवाज इतका आनंदाचा होता, की म्हटलं, कशाला पुन्हा सांगायचं?"

यंत्राचा यात काही दोष नाही. बावीस बिंदूंनी आपले काम केले होते. उरलेले मी माझ्या पदरचे घातले. बहिऱ्या माणसाला एक वाईट खोड लागते. 'पुन्हा सांगा' म्हणायची लाज वाटते, म्हणून तो मान डोलावतो, 'हो हो' म्हणतो आणि अंदाजाने हसतो. सहा वर्षांत मी या कलेत पारंगत झालो होतो. समोरच्या माणसालाही आपली दया येते, आणि तोही दुसऱ्यांदा सांगत नाही. सौ.च्या 'बऱ्या आहेत'मध्ये आईने काय काय गाळले असेल, ते त्या रात्री मी प्रथमच विचारले. पुष्कळ होते. मोतीबिंदू होता, विकलेली गाय होती, मामाशी झालेले भांडण होते.

त्यानंतर आईनेच नियम घालून दिला. ती चौथीपर्यंत शिकलेली. पण तिच्यातली मास्तरीण आमच्या कॉलेजातल्या कुणालाही भारी आहे. एक वाक्य बोलते आणि विचारते, "काय ऐकलंस?" मी जे ऐकले ते म्हणून दाखवायचे. चुकले तर ती तेच शब्द ओरडून सांगत नाही, दुसऱ्या शब्दांत सांगते. ऑडिऑलॉजिस्ट बाईही हेच सुचवीत, पण त्यांना नकार देता येत असे. दर रविवारी सकाळी नऊला पारावर जाऊन ती अशी माझी हजेरी घेते; पारावरची म्हातारी मंडळीही ऐकतात, मधूनमधून माझ्या चुका काढतात.

गेल्या रविवारी म्हणाली, "काल पाऊस झाला."

मी गप्प राहिलो. मग म्हणालो, "आई, पाऊस झाला, की पाय घसरला?"

पारावर केवढा तरी गलका झाला. पत्र्यावर खडे पडावेत तसा तो माझ्या यंत्रात वाजला. तो ओसरल्यावर ती म्हणाली, "पाऊस. आभाळातला. ओढ्याला पाणी आलं. आता सांग, काय ऐकलंस?"